ओल्या रुईचा वास

मुंबईत कुलाब्याच्या मैदानावर रुईच्या गाठी रचलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना रुईला वास असतो हे खरे वाटणार नाही. तिथे पोचेपर्यंत तिला समुद्राचा, बैलांचा आणि गोणपाटाचा वास लागलेला असतो. तिचा स्वतःचा उरत नाही. वऱ्हाडात तसे नाही. वासावरून रुईचे गाव सांगणारी आणि ती किती दिवसांपूर्वी लोढली हे सांगणारी माणसे तिथे आहेत. अमेरिकेतली लढाई सुरू झाल्यापासून विलायतेच्या गिरण्यांना ही रुई हवी आहे. ती कशी निघते आणि कशी येते हे पाहून लिहावे, म्हणून आमच्या वर्तमानपत्राने मला मार्गशीर्षात तिकडे पाठवले. रेल्वे संपते तिथून पुढे बैलगाडी. त्या गाडीतले हाल इतरांनी पुष्कळ लिहिले आहेत. मी ते सोडून देतो.

अमरावती

गावात शिरण्याआधी गाव नाकाला कळते. सरकीचा तेलकट वास, त्यात बैलांच्या शेणाचा, आणि त्यावर कोरड्या धुळीचा. घराघरांतून सरकी वेगळी काढणाऱ्या लोढण्याच्या चरक्या कुरकुरत असतात आणि तंतू हवेत तरंगतात. जेवताना वरणावर पांढरी साय धरल्यासारखी दिसली, ती रुई होती. कोणी ती काढत नाही. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी असे जेवण. आमच्या कोकणात नारळावाचून घास उतरत नाही. इथे तेलाची धार ताटात शेवटी पडते आणि तिच्यावाचून यजमानाला पाहुणा जेवला असे वाटत नाही.

मी वामनराव नावाच्या वकिलांकडे उतरलो होतो. गावात वखार रिकामी मिळत नाही, म्हणून मोर्शीकडच्या एका नातलगाने आपली रुई त्यांच्या घरात आणून भरली होती. माजघर भरले होते. त्यामागची एक खोली आढ्यापर्यंत भरली होती.

"या खोलीत दादा असत," वामनराव वडिलांविषयी म्हणाले. "नारायण तेल, पोथ्या आणि तपकीर, असा वास यायचा. ते गेल्यावर सहा वर्षं तो होता. कार्तिकात ही रुई भरली. परवा थोडी हलवली, तेव्हा भिंतीला नाक लावून पाहिलं. काही नाही. दादांचा चेहरा आठवायचा तर मला आधी ती खोली आठवावी लागते. आता खोलीच राहिली नाही."

"मी म्हटलं, तेल आणून भिंतीला चोळू," त्यांची पत्नी आतून म्हणाली. "तर म्हणतात, ती फसवणूक होईल."

"होईलच."

"कोणाची? दादा तर काही म्हणायचे नाहीत."

वामनराव हसले नाहीत. जेवताना ते दोनदा उठून त्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आले.

संध्याकाळी एका व्यापाऱ्याकडे पानसुपारी होती. थंडीचे दिवस, म्हणून हिन्याचे अत्तर. मनगटाला लावले, उपरण्याला लावले, आणि फाया कानात खोचला. ते उपरणे आणि तो फाया मी पुढे अकोल्यापर्यंत तसाच नेला. ती चूक होती.

अकोल्याच्या वाटेवर

माझी दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, हाकणारा सुदामा बडनेऱ्याचा होता. मूर्तिजापूरपर्यंत तो फारसा बोलला नाही. वाटेत रुईच्या गाड्या मागून पुढून चालल्याच होत्या. एकदा आमचे चाक त्यांच्यातल्या एकाच्या आसात अडकले आणि अर्धा दिवस गेला. तो अर्धा दिवस सुदामाने बोलण्यात घालवला.

"अकोल्यात किसनाजी पारख्याले भेटजा," तो म्हणाला. "नाक पाहा त्या मानसाचं. मुठीत रुई घेतली का सांगते, हे हिवरखेडची, हे मोर्शीकडची. तंबाखू नाही, कांदा नाही, लसून नाही. चाळीस साल झाले."

"घरच्यांचे काय होत असेल?"

"ते त्याच्या बायकोले इचारा. तिच्या घरी फोडनी नाही पडत." मग त्याने माझ्या कानाकडे पाहिले. "अन् अत्तर लावून जासान तं मातीचं ढेकूय घेऊन मांगं लागते. मांगच्या साली एका कारकुनाले नदीपावतर पयवलं त्यानं."

पारख्याला नाक कशाला लागते, हे मी विचारले. सुदामाने सांगितले ते असे. भाव चढल्यापासून जो तो वजन वाढावे म्हणून रुईवर पाणी मारतो. गाठ वरून कोरडी दिसते. आत ओल असली की दाबलेली रुई हळूहळू तापते. दिसत काहीच नाही. काही दिवसांनी कोणी गाठ उघडतो, वारा लागतो, आणि ती पेटते. पेटायच्या आधी तिला एक वास येतो. तो ओळखणारा माणूस म्हणजे पारखी. त्याने पारखलेल्या गाठीवर तो गेरूचा पंजा उमटवतो, आणि तो पंजा पाहून पुढे खामगावापर्यंत कोणी गाठ उघडून पाहत नाही.

"कसा असतो तो वास?"

"मले काहून पुसता? मी तं तंबाखू खातो."

अकोला

वखार गावाबाहेर, मोर्णेच्या काठाला आहे. मोकळ्या अंगणात गाठींच्या थप्प्या. त्यांच्यापासून वीस पावलांवर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, झोपड्या, आणि त्यांत रुई निवडणाऱ्या बायका व त्यांचे संसार. प्रत्येक झोपडीपुढे चूल पेटलेली होती. मी चुली मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिले.

किसनाजी साठीचे, बारीक अंगाचे. डावी बाही खांद्यापर्यंत वर सारलेली. गाठीचा टाका उसवून हात कोपरापर्यंत आत घालायचा, तळातली चिमूट काढायची, नाकापाशी धरायची आणि धोतराच्या घोळात ठेवायची. पंजा मात्र ते लगेच उमटवत नव्हते. सकाळभर पाहिलेल्या गाठींवर पंजा दुपारच्या भाकरीनंतर पडे. पूर्वी तसे नसे, असे एका हमालाने सांगितले. म्हातारपणी माणूस सावध होतो, असे त्याचे मत होते.

"या पाव्हने. बसा जवय," किसनाजी म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी गाठीवर बसलो. त्यांनी समुद्राविषयी विचारले. जहाजात गाठी उभ्या ठेवतात की आडव्या, हे त्यांना हवे होते. मी सांगत होतो. बराच वेळ गेला. कान खाजला म्हणून मी हात नेला आणि फाया बोटांत आला.

किसनाजींचा हात गाठीतच थांबला.

"ते काय हाये?"

"अत्तराचा फाया. अमरावतीचा."

त्यांनी माझ्या उपरण्याकडे पाहिले. मग डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. जवळ कोणी नव्हते. पाठीमागे कारकून हिशेब करत होता, पण त्याची पाठ होती. किसनाजींनी चिमूट बाहेर काढली, नाकापाशी धरली आणि घोळात ठेवली.

"फेकून द्या ते," ते म्हणाले. नदीपर्यंत पळवणारा माणूस तो हा नव्हे.

मी उठलो नाही, कारण त्याच वेळी वारा नदीकडून फिरला आणि थप्पीच्या बाजूने काहीतरी आले. आंबूस, थोडे गोड, पिकून खाली पडलेल्या फणसासारखे. लगेच ते हिन्यात बुडाले. मी नाक तिकडे वळवून बसलो. पुन्हा आले, पुन्हा गेले.

हा वास मी लहानपणी एकदा घेतला होता. आमच्या घरामागे भाताच्या पेंढ्याची उडवी होती. त्या वर्षी पेंढा दमट असतानाच रचला. पंधरा दिवस गोठ्यात गोड वास येत होता आणि गुरे त्या बाजूला तोंड करत नव्हती. आईला तो वास आवडला होता. ती म्हणे, पेंढा छान पिकला आहे. सोळाव्या दिवशी वडिलांनी मधून एक भारा ओढला आणि उडवी पेटली. गोठ्यातली दोन गुरे वाचली नाहीत. हे सगळे मी विसरलो होतो. अकोल्याच्या त्या अंगणात आईचे वाक्य प्रथम आठवले, मग गुरांचे आवाज, आणि ते कशामुळे आठवले हे सर्वांत शेवटी कळले.

तेवढ्यात किसनाजींच्या पत्नी कौसाबाई भाकरी घेऊन आल्या. त्या पदराने नाक पुसत होत्या. पडसे भरलेले होते, डोळे लाल. आम्ही तिघे वखारीच्या मागच्या भिंतीशी जाऊन बसलो.

"पाव्हन्याले समजलं," किसनाजी म्हणाले.

"काय समजलं?"

"नाक."

कौसाबाईंनी टोपली खाली ठेवली. माझ्याकडे पाहिले नाही. "मंग आता?"

त्या दोघांनी सांगितले ते थोडक्यात असे. भादव्यात किसनाजींना ताप आला. ताप उतरला, नाक परत आले नाही. दोघांनी ते कोणाला सांगितले नाही, कारण राहते घर वखारीचे आणि घर नाकाला मिळालेले. तेव्हापासून दुपारी भाकरी आणायच्या निमित्ताने कौसाबाई येत. किसनाजी घोळातल्या चिमटी क्रमाने पुढे ठेवत, त्या वास घेत. वाईट निघेल ती गाठ दुपारी बाजूला होई.

"चाळीस साल यायच्या संगं बिनफोडनीचं खाल्लं," कौसाबाई म्हणाल्या. "माह्यं नाक त्यायच्यापेक्षा चांगलं झालं. कोनी पुसलं नाही इतकंच."

"आणि पडसे?"

"पाच दिस झाले."

"पाच दिवस गाठी कोण पारखतो?"

मग किसनाजी म्हणाले, "मी हातानं पायतो. ओली लागली तं बाजूले करतो. पन हाताले चाळीस सालाचे घट्टे हायेत जी. त्याले काय लागते."

मी त्यांना वासाचे सांगितले. फणसाचे सांगितले. कौसाबाईंनी फणस पाहिला नव्हता, म्हणून मी ताडीचे सांगितले, आणि त्या उभ्या राहिल्या.

"तोच."

"मला नीट येत नाही. अत्तरात बुडतो."

"काढा ते उपरनं. इकडं या."

विहिरीवर त्यांनी माझ्या हातावर काळ्या मातीचे ढेकूळ ठेवले. साबण नको म्हणाल्या, त्याचाही वास. मनगटे, कान, मान, मिशा, सगळे मातीने घासायला लावले आणि वरून पाणी ओतले. पौष लागायला चार दिवस होते. पाणी बर्फासारखे होते. विहिरीवर आलेल्या बायका थांबल्या.

"काय करून राहिली वं कौसामाय? पाव्हन्याले न्हाऊ घालते का?"

"मुंबईचा हाये. मातीनं न्हातो म्हने."

"मंग पाठबी घास."

त्या हसल्या आणि घागरी घेऊन गेल्या. आपल्या झोपड्यांकडे गेल्या. मी कसातरी कोरडा झालो.

मी पारखी नाही. मला एकच वास ओळखता येत होता, आणि तोही आईच्या एका चुकीमुळे. थप्प्यांमधून मी चालत होतो, किसनाजी मागे. पहिल्या दोन थप्प्यांत काही नव्हते, किंवा मला कळले नाही. या दुसऱ्या शक्यतेने फार वेळ खाल्ला. मी प्रत्येक गाठीपाशी परत जात होतो. तिसऱ्या थप्पीत, झोपड्यांच्या बाजूला, खालून दुसऱ्या रांगेत, गोठ्यातला तो वास स्पष्ट होता. हमाल बोलावले. वरच्या गाठी उतरवल्या. ती गाठ ओढून अंगणाच्या मधोमध, वाऱ्याच्या आड नेली आणि तिच्याभोवती पाण्याच्या घागरी ठेवून टाके उसवले. मधली रुई चहाच्या रंगाची झाली होती. तिच्यातून वाफ निघाली. हमालाने बोट घातले आणि तोंडात घेतले. त्याच रांगेत तशा आणखी दोन निघाल्या. तिन्हींवर पंजा होता.

हे चालले असताना वखारीचे मालक शेठजी आले. त्यांनी वाफ पाहिली, झोपड्या पाहिल्या, आणि किसनाजींच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचं नाक आहे म्हणून वाचलो."

किसनाजींनी भोवती पाहिले. हमाल होते, कारकून होता, बायका जमल्या होत्या. हो म्हणणे सोपे होते. मी काही बोललो नसतो. मला विचारले नव्हते.

"मले भादव्यापासून वास येत नाही, शेटजी," ते म्हणाले. "पाच दिसापासून तं घरातच कोनाले येत नाही. ह्या पाव्हन्यानं पायल्या."

शेठजींनी हात काढून घेतला. "हे दहा जणांसमोर कशाला सांगता? आत या."

"अंदर मंग येईन. परवा सकायी बारा गाड्या गेल्या. त्याच्यावर माह्या पंजा हाये. गाडीवान गाठीवरच झोपतेत अन् खाली शेकोटी करतेत."

"गेल्या त्या गेल्या. खामगावला उघडतील तेव्हा पाहू."

"मले एक दमनी द्या."

शेठजी कारकुनाशी बोलू लागले. माझी दमणी बाहेर उभी होती आणि मला खामगावाकडेच जायचे होते. सुदामाने बैल जुंपले. कौसाबाई घरात गेल्या आणि आल्या. त्यांनी दमणीत दोन भांडी, पाटा आणि एक गोधडी ठेवली; जड जाते तेवढे मागे राहिले. काम जाऊन येऊन दोन दिवसांचे होते. एवढे सामान कशाला, हे मी विचारले नाही.

बाळापूर

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळापूरचा किल्ला दिसला आणि त्याखाली नदीच्या पात्रात गाड्या दिसल्या. आम्हाला त्या खामगावाच्या अलीकडे मिळतील अशी आशा नव्हती. एकीचे चाक मोडल्याने बाराही थांबल्या होत्या. वाटेत धूर दिसला की किसनाजी सुदामाचा दंड धरत. तो धूर प्रत्येक वेळी कोणाच्या तरी चुलीचा निघे.

गाडीवानांना गाठी उसवू देणे मान्य नव्हते.

"पंजा तुमचाच हाये ना? मंग काहून उसवता?"

"माह्याच हाये. खोटा हाये."

"खोटा कसा असन? हात तं तुमाले हाये."

"नाक नाही," किसनाजी म्हणाले. हे त्यांनी प्रत्येक गाडीपाशी नव्याने सांगितले. मी पुढे वास घेई, ते मागून हात घालत, आणि कौसाबाई हात पाण्यात बुडवून पुन्हा घालत, कारण गार हाताला ऊब लवकर लागते. नऊ गाड्या कोरड्या निघाल्या. नवव्या गाडीनंतर गाडीवान हसू लागले होते. पारख्याचे नाक गेले, आता डोकेही गेले, असे एकजण म्हणाला.

दहाव्या गाडीवर म्हादू नावाचा तरणा गाडीवान गाठींच्या वर घोंगडी पांघरून बसला होता. तो उतरेना. बाकीच्यांच्या गाड्या तपासा, माझी चांगली आहे, असे त्याचे म्हणणे. दोघांनी त्याला धरून उतरवले. तो बसला होता त्या जागी खोलगट खळगा पडला होता. मला खालून काही आले नव्हते. खळग्यावर वाकल्यावर आले.

कौसाबाईंनी ओला हात टाक्यांतून आत घातला आणि लगेच काढला. गाठ नदीच्या पाण्यात लोटली, तेव्हा पाणी तिच्याभोवती चरचरले आणि वाफेचा एक पट्टा पात्रावरून गेला. बाकीचे गाडीवान शेकोट्यांवर वाळू टाकायला पळाले.

म्हादू जागेवर उभा राहिला. घोंगडी खांद्यावरून घसरली होती.

"तीन राती मी हिच्यावर झोपलो," तो म्हणाला. "हे सारे खाली कुडकुडून राहिले होते. मले खालून चांगली ऊब लागे. मी कोनाले सांगतलं नाही. सांगतलं असतं तं जागा मांगतली असती त्यायनं."

तो वाळूत बसला. कौसाबाईंनी आपल्या भांड्यातले पाणी त्याला दिले. दोन गाड्या उघडायच्या राहिल्या होत्या. त्यांच्या गाडीवानांनी आपणहून टाके उसवायला घेतले होते, आणि किसनाजी बाही वर सारत तिकडे गेले.